कपाटामागची अखाजी

मित्रांनो, मी फळा आहे. काळा नव्हे, पांढरा. म्हणजे एके काळी पांढरा होतो, आता कडांना पिवळा पडलोय. वापीजवळच्या मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात, ऑफिसच्या भिंतीवर मला चार स्क्रूंनी पक्कं बसवलेलं आहे. माझ्यापुढे चार बोटांवर एक लोखंडी कपाट उभं आहे. गेले दहा महिने मी त्याची पाठ बघतोय. तिच्यावर गंजाचे तीन डाग आहेत आणि ते मला तोंडपाठ झालेत. मागे भिंत, पुढे कपाट, अशी माझी कोंडी झाली आहे. ऐकू मात्र सगळं येतं, म्हणून तुम्हाला माझी गोष्ट सांगतो.

वापीच्या दुकानात माझ्या शेजारी उभा असलेला फळा टोकरखाड्याच्या एका शाळेत गेला. मी टेम्पोत आडवा पडून इथे आलो. पहिली दोन वर्षं माझ्यावर वाढदिवस, क्रिकेटचे स्कोअर आणि डब्यातलं लोणचं कोणी खाल्लं याची चौकशी, एवढंच लिहिलं गेलं. मी मनातून खट्टू होतो.

मग वैशालीताई आल्या. मूळच्या चिपळूणच्या, वडील इथे सरकारी नोकरीत. कारखान्यात नवं मशीन बसवायचं होतं आणि कोणतं काम कधी करायचं हे ठरवणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी माझ्या अंगावर बारीक काळ्या टेपच्या रेघा चिकटवल्या. आडव्या ओळींत कामं, उभ्या घरांत दिवस. आधी काँक्रीटचा पाया, तो पक्का झाला की मशीन, मशीन पातळीत आलं की विजेचं पॅनेल, आणि मग ट्रायल. ठरवलेलं काम निळ्या रंगात, झालेलं लाल रंगात. बाहेरून साहेब आले की माझा फोटो काढायचे. मला तर वाटू लागलं की कारखाना मीच चालवतो.

ताईंनी रविवार मोजले, होळी मोजली, कॅलेंडरात लाल असलेले सगळे दिवस सोडले. मग त्यांनी शेवटची तारीख काढली, बारा मे. मॅनेजर कल्पेशभाई खूश झाले. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलं, 'ट्रायल १२ मे'. ते पेन खोक्यांवर नावं घालायचं होतं. त्याची शाई पुसली जात नाही.

"अरे सर, हा परमनंट आहे," ताई म्हणाल्या.

"सारूं छे. तारीख एटले तारीख. हवे नहीं बदलाय." म्हणजे आता ती बदलायची नाही.

त्या दिवसापासून माझ्या अंगावरचं बाकी सगळं बदलत राहिलं आणि ती तारीख जागची हलली नाही. मशीन आठ दिवस उशिरा आलं. ताईंनी निळ्या पट्ट्या आखडल्या, एकमेकींना चिकटवल्या. मशीन पातळीत आणायचं काम सहा ते अकरा मे या दिवसांत कोंबलं. सगळे येता-जाता बारा तारखेकडे बघायचे. पॅनेलच्या ओळीत निळं होतं, पण लाल काही उमटत नव्हतं, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला दिसत होतं, पण फळ्याला बोलता येत नाही.

मशीन बसवणाऱ्या आठ जणांच्या टोळीचा मुकादम सुकदेव. शिरपूरकडचा, बाकीचे सातही खानदेशातलेच. एके दुपारी तो ऑफिसात आला आणि त्याने माझ्यावर दहा तारखेच्या घरात बोट ठेवलं. बोटाला ग्रीस होतं.

"ताई, दहाला अखाजी शे. आमची माणसं गावाला जातीन. आठपासून."

"अखाजी म्हणजे?"

"अक्षय्य तृतीया."

"त्या दिवशी सोनं घेतात ना फक्त? सुट्टी कुठे असते?"

ऑफिस झाडणारी कोंडाबाई दारात उभी होती. तीही नंदुरबारकडची. "सोनं तुमच्यात घेतात ताई. आमच्यात पोरी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात. पण पोरीला आणायला बापाने नाहीतर भावाने जावं लागतं. याला पोरगा नाही. एक गौरी आहे, तिचं लग्न आत्ता झालं. पहिली अखाजी तिची."

ताई पडल्या चिपळूणच्या. गणपतीत कोकणातली माणसं घरी जातात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण गणपती यायच्या आत हे काम संपणार होतं, आणि अखाजी त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती. त्या तारीख बदलून मागायला कल्पेशभाईंकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. येऊन त्यांनी डस्टरने ती बारा तारीख तीन-चारदा घासली. माझी कातडी सोलवटेल की काय असं मला वाटलं. तारीख तशीच राहिली.

"सुकदेव, नाही जमणार," त्या म्हणाल्या.

सुकदेव भांडला नाही. तिथेच, माझ्यासमोर उभं राहून त्याने फोन लावला. "गौरी, या सालले माले येता येत नही, बेटा. कारखानामा काम शे. नही, रडू नको. पुढला सालले मीच येसू." फोन ठेवून तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मित्रांनो, मला त्या वेळी फार लाज वाटली. त्या माणसाला मीच अडकवलं होतं, माझ्या सरळ रेघांनी.

अकरा मेला संध्याकाळी मशीन पातळीत आलं. बारा मेला ट्रायल झाली नाही, कारण पॅनेल आलंच नव्हतं. ते आलं सतराला, आणि मशीन फिरलं एकोणीसला. म्हणजे आठही माणसं थांबली ती उगाचच.

वीस तारखेला ताई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिल्या. कोंडाबाई फडकं घेऊन आली. "पुसायचंय का ते? वरून तुमचं रोजचं पेन फिरवा आणि लगेच पुसा. निघतं." रोज मला पुसणारी तीच होती, तिला माझी सगळी अंडीपिल्ली माहीत. ताईंनी तसं केलं आणि बारा तारीख खरंच निघाली. अंग हलकं झालं. मग ताईंनी तेच खोक्यांचं पेन घेतलं आणि त्याच कोपऱ्यात लिहिलं, 'अखाजी. आधीचे दोन दिवस धरून तीन दिवस काम नाही. माणसांना विचारल्याशिवाय तारीख टाकू नये. वैशाली'.

पुढच्या महिन्यात ताईंना पुण्यात नोकरी मिळाली. इथे समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला, सगळं वेळापत्रक त्याच्यावर गेलं, आणि फायलींचं कपाट ठेवायला जागा हवी म्हणून ते माझ्यापुढे आणून ठेवलं. ताईंनी लिहिलेलं ते वाक्य तेव्हापासून कपाटाच्या पाठीला वाचून दाखवत मी उभा आहे.

यंदा दुसरं मशीन आलं. ताईंच्या जागी आता विशाल आहे, मुंबईचा, कामाला चोख. एप्रिलच्या सुरुवातीला मी त्याचा आवाज ऐकला. "सुकदेव, पंचवीस ते तीस तुमचं काम. ठीक आहे ना?"

यंदाची अखाजी तीस एप्रिलला होती. मी वाट बघत होतो की सुकदेव सांगेल. तो "हो साहेब" म्हणाला आणि गेला.

"सांग ना रे त्याले," बाहेर कोंडाबाईचा आवाज.

"मागला सालले सांगेल व्हतं. काय व्हयनं?"

मी त्या फटीत तळमळत होतो. जे सांगायला हवं होतं ते माझ्या अंगावर लिहिलेलं होतं, पक्क्या शाईत, आणि ते वाचायला चार बोटांची फट पुरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई विशालला म्हणाली, "साहेब, कपाटामागे उंदीर मेलाय वाटतं. वास मारतोय. जरा ओढायला लावा." मित्रांनो, तिथे एकही उंदीर मेलेला नव्हता. हे माझ्याइतकं खात्रीने कोण सांगणार?

दोघांनी कपाट ओढलं. दहा महिन्यांनी उजेड अंगावर आला. विशाल नाक धरून डोकावला आणि थांबला. त्याने ते कोपऱ्यातलं दोनदा वाचलं.

"अखाजी म्हणजे काय?"

"सुकदेवला विचारा ना," कोंडाबाई म्हणाली.

सुकदेव आला. त्याने गौरीचं सांगितलं, मागच्या वर्षीचं सांगितलं, आणि मग माझ्या जुन्या रेघांवर बोट फिरवत कामाचंही सांगितलं. केबलचे ट्रे आधी लावा, त्याला आमची टोळी लागत नाही. आम्ही एक मेला हजर होतो, मशीन पाचला पातळीत देतो. विशालने डोकं खाजवलं, टीव्हीवर पट्ट्या सरकवल्या, आणि अखाजीच्या सुट्टीची तीन घरं हिरवी केली. मग उंदीर सापडला नाही म्हणून कपाट पुन्हा माझ्यापुढे सरकवलं.

तीस तारखेला दुपारी ऑफिसात कोंडाबाई एकटी झाडत होती. तिचा फोन वाजला. तिने तो स्पीकर लावून कपाटावर ठेवला आणि झाडत राहिली. पलीकडे सुकदेव होता, त्याच्यामागे झोक्याची करकर, आणि बायकांचं गाणं. "ऐक, गौरी म्हणी ऱ्हायनी," तो म्हणाला. मी कपाटामागून सगळं गाणं ऐकलं. मला फार बरं वाटलं.

गाणं संपलं तसा झाडूचा आवाज थांबला. मग सुकदेव म्हणाला, "मावशी, तू काय करी ऱ्हायनी?"

"माले कोन लेवाले येस आते? भाऊ ग्या तधपासून आठेच." तिचा भाऊ गेला तेव्हापासून ती अखाजीला इथेच असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मित्रांनो, तुम्ही अभ्यासाचं, सहलीचं, स्नेहसंमेलनाचं वेळापत्रक कराल तेव्हा आधी ते काम करणाऱ्यांना विचारा. त्यांना कुठे जायचं असतं, कोणाला आणायचं असतं, ते कॅलेंडरात लाल नसतं. मी कितीतरी पट्ट्या आणि तारखा अंगावर वागवल्या. माझ्यावर पायाची ओळ होती, मशीनची होती, पॅनेलची होती. मला रोज पुसणाऱ्या कोंडाबाईची ओळ माझ्यावर कधीच नव्हती.