नऊशे ऐंशीची सही

कर्वेनगरच्या त्या कॉलेजात गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगाचं उत्तर, सेंटीमीटरच्या हिशेबात, नऊशे ऐंशीच यायचं. यायचं म्हणजे काय, आणावंच लागायचं! आधी उत्तर मांडायचं, मग त्याला शोभतील अशी रीडिंगं पाडायची, हा तिथला रिवाज. त्याशिवाय दत्तप्रसाद सर जर्नलवर सही करत नसत, आणि सहीवाचून प्रॅक्टिकलच्या परीक्षेला कोणी दारातसुद्धा उभं करत नसे.

त्या वर्षी प्राचार्यांनी सॉफ्टवेअर आणलं. फुकट डाउनलोड केलेल्या वस्तूपुढे रीतसर नारळ फुटला. काम एवढंच, की पडत्या चेंडूचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, शेजारी टांगलेली मीटरपट्टी शंभर सेंटीमीटरची म्हणून कॉम्प्युटरला दाखवायची आणि दर चित्रात चेंडूवर क्लिक करायचं. बाकीच्या पोरांनी व्हिडिओ काढला, हसून घेतलं, आणि जर्नलात नऊशे ऐंशी लिहून कॅन्टीन गाठलं. उत्कर्षा बापडी खरंच क्लिक करत बसली. उत्तर आलं एक हजार त्रेसष्ट.

"सर, चार वेळा केलं. तेच येतंय."

"मग पाचव्यांदा करा. आपल्यासाठी पृथ्वी जड झालेली नाही."

परीक्षा सोमवारी, आज शनिवार. उत्कर्षाला रडूच फुटलं. एवढ्यासाठी वर्ष जाणार? चिडून तिने पट्टी खुंटीवरून ओढली, आणि बघते तर काय, पट्टी आठापासून सुरू! वरचं टोक शंभर, खालचं आठ.

"ती व्हय?" शिपाई ज्ञानदेवमामा झाडू थांबवून म्हणाले. "म्याच कापली. कॉम्प्युटर आलं तवा मोठं कपाट गेलं, या बारक्यात ती मावंना. चौदा वर्सं झाली की. कुनाचंच काय अडलं न्हाई."

उत्कर्षा मटकन स्टुलावर बसली. सॉफ्टवेअरच्या आधी हाच प्रयोग लंबकावर व्हायचा. चौदा वर्षं लंबकाचा दोरा याच पट्टीने शंभर म्हणून मोजलेला, म्हणजे उत्तर हजाराच्या वरच जायला हवं, आणि समोर कपाटात चौदा वर्षांची जर्नलं, एकजात नऊशे ऐंशी.

तिने पट्टी ब्याण्णवची धरली. उत्तर आलं नऊशे अठ्ठ्याहत्तर. पुस्तकामागच्या तक्त्यात पुण्याचा आकडा नेमका तोच छापलेला. धावतच ती सरांकडे गेली.

सरांनी पट्टी उलटसुलट पाहिली. "जुनं लाकूड आहे. आकसतं."

"आणि हा तक्ता, सर?"

"तक्ता परीक्षा घेत नाही, मी घेतो. दोन वाढवा आणि सही घेऊन जा."

उत्कर्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सोमवार कोणाला चुकलाय? तिने दात-ओठ खात नऊशे ऐंशी लिहिलं. खाली 'चुकांची संभाव्य कारणं' असा रकाना होता. तिथे सगळे 'हवेचा विरोध' लिहीत. तिने लिहिलं, 'सरांना हेच उत्तर हवं होतं.'

लिहून झाल्यावर तिने पेन पुन्हा उचललं. खोडावं का? तोवर सरांनी जर्नल ओढून घेतलंसुद्धा. त्यांनी शेवटचं पान उघडलं, आकडा पाहिला, झोकात सही ठोकली आणि शेजारी लाल शाईने लिहिलं, 'व्हेरी गुड'.