कर्नल झालेला कोट

मी करामा वस्तीतल्या एका घरातला निळा कोट बोलतोय. दुबईतल्या पहिल्या नोकरीसाठी सूर्यकांतांनी मला शिवून घेतलं. इथल्या उन्हात कोट कोण घालतो म्हणा. पण ऑफिसचा एसी असा, की माझ्यावाचून त्यांचं चालत नसे.

अठ्ठ्याण्णव साली ते हॉस्पिटलात गेले आणि मी घरीच राहिलो. त्यांच्या पत्नीनं, छायाताईंनी, सोळा सोमवार धरले. डॉक्टर रोज इन्शाल्ला म्हणत, आणि ताई त्यालाही हात जोडत.

त्याच दिवसांत त्यांची लेक शुभ्रा हिला शाळेत सोंग घ्यायचं होतं. शाळा अमेरिकन अभ्यासक्रमाची. प्रत्येकानं इतिहासातला एक माणूस व्हायचं. तिच्या वाट्याला कर्नल एझ्रा हॉलवे आला. मला पितळी बटणं लागली, बाह्या दुमडल्या गेल्या, आणि मी फौजेत भरती झालो.

रोज संध्याकाळी ती आईसमोर तालीम करी. एझ्रा लोहाराचा मुलगा. निवडून येऊन राज्याच्या विधिमंडळात बसला, गुलामगिरीविरुद्ध बोलला, मित्र तुटले. मग यादवी युद्ध पेटलं; आपल्याच मतदारांची पोरं घेऊन तो लढायला गेला आणि कर्नल झाला. बायकोला "येतो" असं पत्र लिहिलं, आणि छावणीतल्या तापानं तिथंच गेला.

वाती वळता वळता ताईंचे हात थांबले. व्रत चालू असलेल्या घरात कहाणी अशी संपवायची नसते, एवढं त्यांना ठाऊक.

"शुभ्रा, त्याला घरी आण गं."

"आई, दॅट्स नॉट व्हॉट हॅपन्ड."

"नसेल. पण आण."

कार्यक्रम नेमका सोमवारी आला. शुभ्रा सगळं बिनचूक बोलली. शेवटी अडखळली, माझी कडा मुठीत धरली, आणि कर्नल घरी परतला. बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? माझ्या आईनं सांगितलं, म्हणाली. गुण कापले गेले. तिला त्याचं काही वाटलं नाही. बाबा येणार होते.

अकराव्या सोमवारी सूर्यकांत गेले.

बरेच दिवस मला कुणी हात लावला नाही. मग एकदा ताईंनीच विचारलं, "त्या कर्नलच्या बायकोनं पुढं काय केलं गं?"

"इट डझन्ट से, आई."

"मग ते आपल्यालाच बघायला हवं," त्या म्हणाल्या, आणि उरलेले पाच सोमवार त्यांनी पुरे केले. कुणासाठी, ते मला कळलं नाही.

आता व्हिसा संपतोय. पुण्याच्या बॅगा भरणं चाललंय. खालचा वॉचमन नूरुद्दीन चार वर्षांनी गावी निघालाय. "भाभी, गाँव में अभी बहुत ठंड होगी," एवढंच तो सहज बोलून गेला. तेव्हापासून ताईंनी मला तीनदा बॅगेत ठेवलं आणि तीनदा बाहेर काढलं.

ताई, मला त्याला द्या. सूर्यकांतांना मी घरी आणू शकलो नाही. कर्नलला आणलं, ते खरं नव्हतं. एकदा तरी कुणाला खरोखर घरी पोचवू द्या मला.