उजव्या पापणीवरचा मोरपंखी

डोळ्यावरची पट्टी निघाली आणि वसुधाबाईंना सगळ्यात आधी दिसला तो नवऱ्याचा शर्ट. मार्तंडराव दवाखान्याच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या अंगात पांढराशुभ्र शर्ट होता. हा शर्ट बाईंनी स्वतः निवडून घेतला होता, क्रीम रंगाचा म्हणून. त्यांनी तसं बोलून दाखवल्यावर डॉक्टर हसले. म्हणाले, मोतीबिंदू वाढत जातो तशी डोळ्यापुढे पिवळट काच धरल्यासारखं होतं, आणि ते इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. निळ्या रंगाची तर पार वाट लागते, तो मळकट दिसायला लागतो. आज उजवा डोळा झाला, डावा नंतर करू, तोवर दोन डोळ्यांना दोन वेगळे रंग दिसतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बाई कसल्या घाबरतायत! मुलुंडच्या घरी पाऊल टाकल्यापासून त्यांना नवा खेळ मिळाला. एका डोळ्यापुढे तळहात धरायचा, मग दुसऱ्यापुढे. उजव्याने पाहिलं की दूध पांढरं, डाव्याने पाहिलं की त्यातच चहाचा थेंब पडलेला. बेसिन, पडदे, नवऱ्याचे केस, सगळं असं तपासून झालं. मार्तंडराव म्हणाले, अगं, बस जरा एका जागी. पण एका जागी बसणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

आता इथे वसुधाबाईंच्या डोळ्यांची गोष्ट सांगायलाच हवी. अंधेरीच्या विमा कचेरीत त्यांची सगळी नोकरी झाली. चांगल्या घरच्या बायका काजळ आणि टिकलीवर थांबत, त्या काळात या बाई पापण्यांवर मोरपंखी रंग लावून जायच्या. सुरुवातीला कचेरीत कुजबुज झाली, पण थोड्याच दिवसांत मुली जेवणाच्या सुट्टीत शिकायला येऊ लागल्या. बाईंचा नियम साधा होता. डोळा बोलत असेल तर बाकीच्यांनी गप्प बसावं. म्हणून साडी एकरंगी, ओठ जवळजवळ कोरे, टिकली बारीक. रंग पापणीच्या केसांच्या मुळाशी लावायचा आणि अनामिकेने त्याची कड अशी पुसट करायची की तो कुठे संपला ते कुणाला सांगता येऊ नये. भडक रंग लावूनही बाई भडक दिसत नसत, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. साठी ओलांडली तरी त्यांनी तो रंग सोडला नव्हता.

तर त्या संध्याकाळी मार्तंडराव फोनवर जुने फोटो चाळत बसले होते. त्यांची मुलगी निधी बोरिवलीला दिलेली, तिला सातवा लागला होता आणि डोहाळजेवण ठरलं होतं. आमंत्रणाबरोबर पाठवायला तिचा एक चांगला फोटो हवा होता. बाई मागून डोकावल्या. दोन वर्षांपूर्वीचं निधीचं लग्न, मार्तंडरावांनीच फोनवर काढलेले फोटो. त्यात निधीच्या शेजारी एक बाई उभी होती. तिच्या पापण्यांवरचा निळा रंग पापणीत मावत नव्हता, भुवईला जाऊन टेकला होता. तिच्यापुढे दशावतारी नाटकातला रंग फासलेला राजासुद्धा साधा वाटला असता.

बाईंनी उजव्या डोळ्यापुढे हात धरला. डाव्या डोळ्याला ती शेजारची बाई ठीकठाक दिसली, नेहमीसारखी. हात काढला, तर पुन्हा तो राजा.

ती बाई म्हणजे त्या स्वतःच होत्या. म्हणजे निळा मळकट दिसत होता म्हणून त्या वर्षानुवर्षं थोडा अजून, थोडा अजून करत गेल्या होत्या. आरशात सगळं बेताचं होतं. आरशाबाहेरच्या जगाने मात्र हे पाहिलं होतं.

त्या तडक कपाटाकडे गेल्या आणि लग्नाचा अल्बम काढला. मुंडावळ्या, रांगोळी, विहीणबाईंचा जांभळा शालू, सगळं झकास रंगीत. आणि जिथे जिथे वसुधाबाई, तिथे तिथे फोटो काळापांढरा. कन्यादान काळंपांढरं, पाठवणी काळीपांढरी. दोन वर्षं त्यांनी हे फोटो अख्ख्या इमारतीला कौतुकाने दाखवले होते. फोटोग्राफरला आपला चेहरा जुन्या काळातल्या नटीसारखा वाटला असणार, असंही वर सांगितलं होतं. लोकांनी मान डोलावली होती. का डोलावली होती, ते आता त्यांना कळत होतं.

मार्तंडरावांना विचारलं तर ते एकदम वर्तमानपत्रात बुडाले. बाईंनी पेपर ओढून घेतला तेव्हा म्हणाले की त्यांना ती फॅशन वाटली होती, रंगातलं त्यांना काय कळतंय. आणि फोटो? फोटोंचं निधीने सांगितलं होतं फोटोग्राफरला. तिलाच विचार, असं म्हणून ते कोथिंबीर आणायला निघून गेले. घरात कोथिंबीर होती.

तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. निधीला फोन लावायच्या आणि रिंग जायच्या आत बंद करायच्या. पोटुशी पोर, तिला काय जाब विचारायचा? तिचाच फोन आला की डोळा बरा आहे, पथ्य पाळतेय, एवढं बोलून ठेवायच्या. मग स्वयंपाकघर ते गॅलरी आणि गॅलरी ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या. कोण कोण हसलं असेल, याची मनात उजळणी चाले. निरोपसमारंभाला साहेब म्हणाले होते की या कचेरीला तुमचे डोळे आठवतील. ते कौतुक होतं की टिंगल? विहीणबाई सुगंधा दर भेटीत डोळ्यांकडे टक लावून पाहायच्या, ते कशासाठी? आजवर मिळालेली प्रत्येक शाबासकी त्या उलटून पाहत होत्या आणि प्रत्येकीच्या मागे त्यांना कुणीतरी तोंड लपवून हसताना दिसत होतं. राग सगळ्यात जास्त निधीचा येत होता. परकी माणसं बोलणार नाहीत, ते ठीक. पोटच्या पोरीने आईला सांगू नये? आणि सांगायचं सोडून तिचा रंग काढून घ्यावा?

महिन्याभराचं पथ्य संपलं, डॉक्टरांनी काजळ, रंग लावायला हरकत नाही म्हणून सांगितलं. डोहाळजेवण दोन दिवसांवर आलं होतं. बाई कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिल्या. आता चांगला डोळा होता, म्हणजे पूर्वीसारखं बेतशीर जमायला हवं होतं. डावी पापणी मिटली, उजव्या डोळ्याने पाहत रंग लावला. हात सवयीने वर वर पळत होता, त्याला दटावून खाली आणला. बरं झालं. मग उजव्या पापणीची पाळी आली आणि बाईंचा हात हवेतच राहिला. उजव्या पापणीला रंग लावायचा तर उजवा डोळा मिटावा लागणार. आणि तो मिटला की पाहायला उरणार डावा, तो लबाड.

तरी त्यांनी लावून पाहिला. डोळा उघडला, तर एका बाजूला वसुधा आणि दुसऱ्या बाजूला लग्नातली ती बाई. धुतलं, पुन्हा लावलं, या खेपेला भीतीने इतका कमी की नुसता डाग दिसावा. पुन्हा धुतलं. अंदाजाने लावायला गेल्या, तर अंदाजावरचा विश्वासच उडाला होता. शेवटी टॉवेलने तोंड खसाखसा पुसून त्यांनी ठरवलं, बस झालं. पोरीला आईचा रंग नको आहे ना, मग कोऱ्या डोळ्यांनीच जाऊ. ठरवलं खरं, पण निघायच्या दिवशी रंगाची डबी पर्समध्ये टाकली, काढली आणि टॅक्सी खाली येऊन थांबल्यावर पुन्हा टाकली.

बोरिवलीला निधीच्या सासरी घर भरलं होतं. दिवाणखान्यात झोपाळा फुलांनी सजवलेला, त्यावर हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत निधी. वसुधाबाई आत आल्या आणि बायकांनी एकामागून एक तेच विचारलं. बरं वाटत नाही का? डोळा दुखतोय का? चेहरा किती उतरलाय. बाई सगळ्यांना ऑपरेशनचं कारण सांगत राहिल्या आणि मनातल्या मनात धुमसत राहिल्या. लावलं तर हसतात, नाही लावलं तर आजारी ठरवतात.

सुगंधाबाई ओटीचं ताट घेऊन आल्या. मूळच्या मालवणकडच्या, आवाज खणखणीत. बाईंकडे पाहून त्या थबकल्याच.

"विहीणबाई, आज डोळे खंय ठेवलात?"

बायका हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण वसुधाबाईंना ते फार खोल लागलं. त्यांचा चेहरा पडला आणि तो निधीने पाहिला. ती झोपाळ्यावरून सांभाळून उठली, आईच्या डोळ्यात औषध घालायचंय असं सासूला सांगितलं आणि आईचा हात धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं.

"आई, काय झालंय? लावलं का नाहीस?"

"लावून काय करू? फोटो तर काळेपांढरेच येणार."

निधी पलंगावर बसली. बराच वेळ तिने गजऱ्याच्या बांगडीतलं एक फूल चिमटीत फिरवलं. मग म्हणाली, "सांगितलं होतं गं तुला. रिटायर झालीस त्या दिवशी. आज जरा कमी लाव म्हटलं होतं. आठवतंय काय म्हणालीस?"

बाईंना आठवत नव्हतं.

"म्हणालीस, तुझ्यासारखं फिकं फिकं जगायला मला नाही जमत. चार दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस."

आता आठवलं. लख्ख आठवलं. पोरीला आपल्या रंगाचा हेवा वाटतो, असं त्या दिवशी त्या धरून चालल्या होत्या आणि मार्तंडरावांनाही तसंच सांगितलं होतं. इतके दिवस ज्या प्रश्नाने त्यांना घरात फिरवलं होतं, त्याचं उत्तर त्यांच्याच तोंडचं निघालं. बाईंना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत.

"लग्नात मला भांडायचं नव्हतं," निधी म्हणाली. "आणि अल्बम बघून तुला कोणी हसलं असतं ना, तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. मला दुसरं काय सुचणार? ऑपरेशन ठरेपर्यंत डोळ्याचं काही असेल असं डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, तू हट्टाने करतेस."

बाई तिच्या शेजारी टेकल्या. बाहेर कुणीतरी निधीला हाका मारत होतं. मग वसुधाबाईंनी डाव्या-उजव्याची सगळी कहाणी सांगितली. डावी पापणी खरा डोळा रंगवतो आणि उजवी पापणी लबाड डोळ्याच्या हाती पडते, हे ऐकून निधीला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे टिपले आणि हात पुढे केला.

"डबी आणलीयस ना? दे इकडे."

"तुला येतं कुठे? साधं काजळ लावत नाहीस."

"तू सांग ना मग."

डावी पापणी बाईंनी स्वतः रंगवली, आरशापासून हातभर लांब उभं राहून. मग त्या खुर्चीत बसल्या आणि उजवा डोळा मिटला. निधीने रंगाचं पहिलं बोट टेकवलं. केसांच्या मुळाशी लाव, बाई सांगत होत्या. वर चढू नकोस. कोपऱ्यात थोडा गडद, नाकाकडे हलका. आता अनामिकेने कड पुसट कर, घास नकोस, नुसतं टेकवत जा. निधी श्वास रोखून लावत होती. तिचं पोट बाईंच्या गुडघ्याला लागत होतं आणि आतलं बाळ मध्येच हललं, ते दोघींनाही कळलं.

"उघड."

बाईंनी उजवा डोळा उघडला. समोर पोरीचा चेहरा होता, घामेजलेला, फुलांनी वेढलेला, आणि साडीचा हिरवा इतका खरा हिरवा की त्यांनी पदराचं टोक हातात धरून पाहिलं.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "कसं दिसतंय?"

निधीने मान तिरकी करून पाहिलं. दाराबाहेर सुगंधाबाईंचा आवाज आला, पाच मिनिटांत ओटी भरायची होती. निधीने ओठ चावला, आईकडे पाहिलं, पुन्हा पापण्यांकडे पाहिलं.

"उजवा छान झालाय," ती म्हणाली. "डावा जास्त झालाय, आई. भुवईकडे चढलाय."

डावा त्यांनी स्वतः लावला होता, चांगल्या डोळ्याने पाहून लावला होता. तुला काय कळतं रंगातलं, हे वाक्य सवयीने त्यांच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी आरशाकडे मान वळवली आणि डाव्या डोळ्यापुढे तळहात आणला. मग पाहिल्याशिवायच हात खाली घेतला.

टेबलावरच्या पाण्यात त्यांनी रुमालाचं टोक बुडवलं, निधीच्या हातात दिलं आणि डावा डोळा मिटून चेहरा तिच्यापुढे केला.