नेजादचा अंगठा

या निवडणुकीला बोटाचं यंत्र आलं. काचेवर बोट टेकवलं की कागदाची पट्टी निघते, मगच मतपत्रिका. मेलेल्यांच्या नावावरची मतं थांबावीत म्हणून ही सुधारणा. जो बोट टेकवणार नाही, त्याचं नाव संध्याकाळी यादीतून जाणार.

दुपारी झुमराकाकी आमच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर आली. दर वेळी येते. तिचा नेजाद माझा वर्गमित्र. युद्धात आमच्या सर्ब माणसांनी त्याला याच शाळेतून नेलं. हाडसुद्धा सापडलं नाही, म्हणून काकीने मृत्यूचा दाखला घेतला नाही, आणि तो मतदारच राहिला.

"रांको, माझा नेजाद येऊन गेला का रे?"

मी केंद्रप्रमुख. माझं उत्तर ठरलेलं. "अजून नाही, काकी."

"आज त्याचं नाव कापणार म्हणे?"

"नियम आहे."

"मोठे आले नियमवाले! तीन जमातींचे तीन राष्ट्राध्यक्ष बसवलेत, शाळेतला एक दिवा बदलता येईना. आणि चालले माझ्या लेकाचं नाव कापायला!"

यंत्रावर बसलेली अल्मिरा, काकीसारखीच मुसलमान, खुदकन हसली. मीही हसलो. तेवढ्यात यंत्र वाजलं. अल्मिराचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते. पट्टीवर छापलं होतं: नेजाद कापिच, ओळख पटली.

"बिघडलंय," मी म्हणालो.

"साहेब, याचा ठसा आपल्याकडे कधी घेतलाच नाही. मग पटली कशाशी?"

काचेवर अंगठा उमटला होता, ओल्या पिवळ्या मातीचा. मी पुसला. पुन्हा उमटला. अशी माती गावात एकाच जागी आहे, जुन्या वीटभट्टीमागे. एकोणिसाव्या वर्षी मी तिथे बंदुकीच्या धाकाने फावडं चालवलं होतं. धाक होता, खरंय. पण नंतरची तीस वर्षं माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मला स्वतःची किळस आली.

काकी वाकली. तिने मातीचा वास घेतला.

"रांको, ही माती कुठली?"

या वेळी मी खरं सांगितलं. "वीटभट्टीमागे, काकी. अक्रोडाखाली."

ती ओरडली नाही. खुर्चीचा आधार घेत तिने विचारलं, "एकटाच आहे का रे तिथे?"

मी तोंड उघडायच्या आत यंत्र पुन्हा वाजलं. मग परत. पट्टी टेबलावरून खाली लोंबू लागली. अल्मिरा एकेक नाव मोठ्याने वाचू लागली, आणि प्रत्येक नावासरशी बाहेरच्या रांगेतून एकेक बाई आत येऊ लागली.