नव्वदावा दिवस

गणिताच्या बाई परदेशात लेकीकडे आल्या होत्या, आणि आज सकाळीच त्यांना शंका आली. चहा तसाच सोडून त्यांनी लेकीच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिसऱ्यांदा मोजलं. व्हिसा नव्वद दिवसांचा. उतरल्याचा दिवस त्यात धरायचा आणि निघायचाही. त्या आल्या तीन जुलैला. परतीचं तिकीट दोन ऑक्टोबरचं. "बरोब्बर तीन महिने, म्हणजे नव्वद दिवस," असं त्यांनी निघताना शेजारपाजाऱ्यांना ठणकावून सांगितलं होतं. बत्तीस वर्षं व्याजाची गणितं शिकवताना महिना तीस दिवसांचाच धरलेला. जुलै-ऑगस्टचे एकतीस-एकतीस कुणाला आठवतात! दोन दिवस जास्त भरत होते. नव्वदावा दिवस उद्याच, तीस सप्टेंबर. आणि लेकीच्या बाळंतपणाची तारीख होती एक ऑक्टोबर.

जावयानं फोनाफोनी केली. मुदत वाढवून मागितली तर उत्तर यायलाच महिना लागणार होता.

"आई, उगाच जोखीम नको," तो चाचरत म्हणाला. "जास्त राहिलात आणि पुढं काही वर्षं येऊच दिलं नाही तर? दोन तारखेचं तिकीट उद्यावर आणतो."

"तू जा गं," लेक पडल्या पडल्या म्हणाली. "मी काय लहान आहे?"

पण आईचा हात तिनं सोडला नव्हता. आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती. दोन्ही वेळा बाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत उभ्या होत्या. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या पासपोर्ट दोन्ही हातांनी घट्ट धरून होत्या. पुढचा माणूस सरकला आणि फोन वाजला.

"आई, कळा सुरू झाल्या. दवाखान्यात निघालोय." लेकीला धड बोलवत नव्हतं. "मला भीती वाटतेय गं."

काचेमागच्या अधिकाऱ्यानं हात पुढं केला. बाईंनी पासपोर्ट खाली सरकवला, आणि त्यानं उचलायच्या आत झडप घालून मागे ओढला. तो काहीतरी विचारू लागला. बाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. उद्यापासून आपण इथं गुन्हेगार, नातवंडाचं तोंड पुन्हा बघायला मिळेल न मिळेल. भीती तसूभर कमी झाली नव्हती.

त्या माणसांना बाजूला सारत बाहेरच्या दाराकडे निघाल्या.

"फोन ठेवू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येतेय."