डबा बडवणारा माणूस

जुन्या जंगल-मोहिमांची रिळं जमवायचं मला वेड. पंचाहत्तर साली जंगलाकाठच्या गोरेगावच्या शाळेत जवळच्या तांड्यावरची माणसं बोलावून मी गोऱ्या साहेबानं काढलेली वाघाच्या शिकारीची फिल्म लावली. फिल्ममधली जागा कोणी ओळखेल, एवढीच आशा.

म्हाताऱ्या जिवनबाई वाघ सोडून कोपऱ्यात डबा बडवत गवतात शिरणाऱ्या माणसाकडे बघत होत्या. शंभरदा फिल्म बघूनही तो मला दिसला नव्हता.

"माझे मालक. त्या गवतातून परत आले न्हाईत, हाडंबी सापडली न्हाईत. परत लावा, अन् ते दिसले की थांबवा."

मी वैतागलो. "मशीन थांबवलं की फिल्म जळते, बाई. हे एकच रीळ उरलंय."

"जळू द्या. त्यान्ला अग्नी मिळाला न्हाई."

मी परत लावली. या खेपेला गवतात शिरण्याआधी त्यानं वळून पाहिलं. मी मशीन थांबवलं.