अजून थोडं उरलंय

आमच्या कालाबारमध्ये परदेशातून आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला असं कुणी विचारत नाही. दंड चाचपतात. दंड भरलेला असला की तिकडे सगळं ठीक चाललंय असं समजतात आणि मग बॅगेत काय आणलं त्याकडे वळतात.

माझी भाची अरित लीड्सहून शिकून परत आली तेव्हा विमानतळावर मीही तिचा दंड धरला. माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना भेटले. मधे काही होतं की नाही याची मला शंकाच आली.

"काय बघतोस, मामा?"

"तुझा उरलेला भाग मागून सामानात येतोय का, ते."

ती हसली नाही. "शनिवारी येईल," म्हणाली. "सगळ्यांच्या समोर."

शनिवारी काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमची चुलत बहीण इन्यांग कित्येक वर्षं लीड्सला आहे. घराण्यातली पोरं तिकडे शिकायला गेली की तिच्याच घरी राहतात. म्हणून घराण्याच्या मंडळानं तिला 'परदेशातली आई' हा मान द्यायचं ठरवलं होतं. मण्यांची टोपी, पितळी मुठीची काठी, बँड, जेवण. तिच्याकडे आधी राहिलेली दोन्ही पोरं तिकडेच नोकरीला लागली होती, त्यामुळे त्यांचे दंड इथं कुणी चाचपले नव्हते. इन्यांगच्या घरातून तपासणीला आलेला पहिला माल म्हणजे अरित.

गाडीत तिनं मला सगळं सांगितलं. आवाज असा, की दुसऱ्याच कुणाची बातमी वाचून दाखवतेय.

इन्यांगच्या घरात आपलं काही शिजवायचं नाही, कारण पडद्यांना वास लागतो. संध्याकाळी उकडलेला बटाटा, थंड पाला आणि एक उपदेश. घास पाणी होईपर्यंत चावायचा, असा नियम. "आपल्या लोकांना गिळायची घाई असते," असं इन्यांग म्हणायची. एवढं सगळं पाळून ती स्वतः पिंपासारखी कशी, हे अरितला बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा कुलूपबंद गॅरेजच्या फटीतून आतला फ्रीज आणि शेगडी दिसली. कुलूप चांगलं होतं, पण वासाला कुलूप कोण लावणार? अरित अभ्यासाचं पुस्तक घेऊन गॅरेजच्या दाराशी बसायची आणि फटीतून जेवायची.

"बाहेर जाऊन खायचं होतंस."

"खायचे ना. कॉलेजात गार पाव मिळायचा, मधे गार कोंबडी. मामा, गार कोंबडी कधी खाल्ली आहेस?"

मी गाडी हळू केली. असं काही ऐकताना माणसानं जोरात गाडी चालवू नये.

"उपाशी ठेवलं त्याचं मला काही नाही," अरित म्हणाली. "आईनं पार्सल पाठवलं होतं ना, तेव्हाची गोष्ट सांगते."

पार्सल मला आठवत होतं. माझी बहीण एकानेम, म्हणजे अरितची आई, आठवडाभर त्याच्या मागे होती. सोडे निवडून वाळवले, मासे स्वतः धुरावर धरले, मिरची कुटली, कसावा कंदाचा रवा भाजला. इन्यांगनं अरितला सांगितलं की कस्टमवाल्यांनी पार्सल जाळलं. पुढच्या रविवारी इन्यांगच्या चर्चमध्ये जेवण होतं. अरित ताटं वाढत होती. एका ताटावरचा माशाचा तुकडा निसटला, तो तिनं उचलून तोंडात टाकला, आणि तिथंच उभी राहिली. आपल्या घरच्या धुराची चव पोरीला कळणार नाही होय? तिकडे पाद्रीबाई इन्यांगचा हात हातात घेऊन म्हणत होत्या, काय हाताला चव आहे तुमच्या!

"आणि मावशीनं आईला फोनवर काय सांगितलं, माहितीय? की मी पार्सल कचऱ्यात टाकलं. मला आता इकडचं खायला लाज वाटते म्हणून."

हे मला माहीत होतं. एकानेम त्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली होती. त्यानंतर तिनं काही पाठवलं नाही.

"तू आईला खरं का नाही सांगितलंस?"

"फोनवर? ती रडली असती, मावशीनं माझा नखरा म्हणून सांगितलं असतं, आणि तुम्ही मोठ्या माणसांनी दोघींना समजावलं असतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला समजावून घ्यायचं नाहीये, मामा. ती टोपी तिच्या डोक्यावर चढता कामा नये."

शेवटच्या महिन्यात म्हणे इन्यांगला अक्कल आली. मानाचं पत्र आलं आणि तिला आठवलं की आपण टोपी घ्यायला जाऊ तेव्हा ही काडीही कालाबारला असणार. गॅरेजचं कुलूप निघालं. टेबलावर कसावाच्या फुफूचे वाफाळते गोळे, लाल ताडतेलाचा तवंग आलेला रस्सा, बकऱ्याचं मटण. पडद्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. "खा गं बाळा, खा," इन्यांग म्हणायची. आणि वर्षभर दाराच्या फटीतून जेवलेली आमची भाची म्हणायची, "नको मावशी, सवय मोडली." मग वरच्या खोलीत जाऊन उशी चावत पडायची. मी हाडाचा शिक्षक आहे. चिकाटी मी पुष्कळ पाहिली, पण परीक्षेसाठी.

घरी एकानेमनं लेकीला पाहिलं आणि मिठी मारण्याऐवजी भिंत धरली. मग खरं काय ते कळल्यावर ती चुलीपाशी गेली आणि भांडी आपटायला लागली. आमच्या घरात रागाचा स्वयंपाक सर्वांत चवदार होतो. पण अरितनं ताट बाजूला सारलं.

"शनिवारपर्यंत नाही, आई."

"अगं, तोवर मरशील!"

"मेले तर सरळ मंडळाच्या मांडवात ठेव."

समारंभाला घराण्यातल्या बायकांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे ही आमची रीत. अरितचा झगा तिच्या जाण्याआधीच्या मापानं आधीच शिवून तयार होता. तिनं घालून पाहिला. खांद्यावरून एकदा डावीकडे घसरला, एकदा उजवीकडे. शिंपीण म्हणाली, लगेच आत घेऊन देते. अरित म्हणाली, "एक टाकासुद्धा घालायचा नाही."

शनिवारी मांडवात इन्यांग व्यासपीठावर बसली होती. खुर्ची दिसत नव्हती. बायका नाचत रांगेनं आत आल्या, सगळ्या एका कापडात, सगळ्या भरलेल्या, आणि मधेच तेच कापड दोरीवर वाळत घातल्यासारखं हलत आलं. आत अरित आहे हे कळायला लोकांना वेळ लागला. बँडवाल्याचा सूर चुकला. कुणीतरी म्हणालं, "देवा, आजारी आहे का?"

इन्यांग हसतहसत माइकवर म्हणाली, "आजकालच्या मुली! डाएट करतात!"

कालाबारमध्ये हे वाक्य ऐकून लोकांनी मान खाली घातली. चोरानं पोलिसाला, पाकीट स्वतःहून माझ्या खिशात आलं, असं सांगावं, त्या थाटाचं ते वाक्य होतं.

टोपी घालण्याचा मान अतिम आजीचा. घराण्यात तिच्याहून म्हातारं कुणी नाही. लग्नाआधी पोरीला खोलीत बसवून, तेल लावून, खाऊ घालून गुबगुबीत करायची आमची जुनी रीत. त्या खोलीतून बाहेर आलेली ती आमच्यातली शेवटची बाई. तिला आता दूरचं दिसत नाही. तिनं अरितला जवळ बोलावलं आणि दंडावर हात ठेवला. मग मनगटावर. मग बरगडीवर.

"ही कुणाच्या घरात होती?"

सगळ्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं.

"माझ्याच, आजी," इन्यांग म्हणाली. "खूप सांगायचे मी. पण पोरगी ऐकत नाही."

"आईचं पोरं ऐकत नाहीतच," अतिम आजी म्हणाली. "म्हणून तर आई भरवते. तू आई व्हायला आलीस ना आज? मग भरव. तुझ्या हातानं, इथं, आमच्या समोर. पोरीचं ताट रिकामं झालं की मी टोपी घालते."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात इन्यांगनं वाजवल्या. एवढंच ना! तिनं ताट मागवलं.

"मावशी," अरित हळूच म्हणाली, "एदिकांग इकाँग घ्या. शंख घातलेलं."

आता ज्यानं हे खाल्लं नाही त्याला सांगायला हवं. पाल्याच्या या दाट रस्स्यात आम्ही खाडीतले बारके शंख कवचासकट टाकतो. एकेक शंख ओठाशी धरून आतलं मांस चोखून काढायचं. घाई करून जमत नाही. आणि पहिल्या वाफेसरशी अरितचे डोळे भरून आले, ते नाटक नव्हतं. वर्षभर ती याच्याच वासासाठी तळमळली होती.

इन्यांगनं फुफूचा गोळा रस्स्यात बुडवून तिच्या तोंडात घातला. अरित चावायला लागली.

मांडवात चुळबुळ झाली. फुफू आम्ही चावत नाही, गिळतो. दूधपितं पोरही गिळतं.

"अगं, गीळ ना," इन्यांग ओठ न हलवता म्हणाली.

"पाणी व्हायला हवं ना, मावशी," अरित मोठ्यानं म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

अतिम आजीनं कान पुढे केला. "कुणी शिकवलं?"

इन्यांगनं उत्तर म्हणून पुढचा घास उचलला.

मग शंख आले. एक शंख, थोडा दम. एक शंख, एक घोट पाणी. पोट एवढंसं झालेलं. तिला हवं असतं तरी भरभर खाता आलं नसतं. आणि तिला हवंही नव्हतं. लोक जेवले. पानं उचलली. पाहुणे म्हणून आलेले मंत्रिमहोदय घड्याळ बघून गेले, त्यांचं भाषण खिशातच राहिलं. इन्यांगचा हात कोपरापर्यंत तेलानं लाल झाला होता, आणि फोटोवाला दर थोड्या वेळानं विचारत होता, "टोपीचा फोटो कधी, बाई?"

"होतंय, होतंय," इन्यांग म्हणायची. मग खाली वाकून, "अरित, बाळा, मी तुझं काय वाकडं केलं गं?"

अरितनं शंख चोखला, कवच बशीत टाकलं. टक्. "माशाला धूर छान लागलाय, मावशी. कस्टममधून सुटलेला दिसतोय."

तो तुकडा एकानेमनं धुरावर धरलेला होता. स्वयंपाकाच्या बायकांना तिनंच दिला होता. ती समोर बसून बघत होती आणि तिच्या मांडीवर हात अगदी शांत होते.

बँडवाले वाद्यं गुंडाळायला लागले तेव्हा ताटात चार शंख आणि मूठभर पाला उरला होता. अरितनं तोंडावर हात ठेवला.

"पुरे. आता खरंच जात नाही."

"फक्त चार!" इन्यांग किंचाळली. माइक चालू होता.

"जबरदस्तीनं भरवू नये," अतिम आजी म्हणाली. "उरलेलं डब्यात द्या तिला. तिनं संपवलं की मला सांगा, टोपी घालीन. मी कुठे जातेय?"

इन्यांगला मात्र जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं विमान होतं.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. अरित पुन्हा माणसांत आली आहे. परवा मी तिचा दंड धरला तर माझी बोटं एकमेकांपासून चांगली लांब राहिली. सकाळी आईच्या हातचा रस्सा, दुपारी तोच, संध्याकाळी शेजारचा. पण एकानेमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, अगदी मागे, एक झाकणाचा डबा आहे. त्याला कुणी हात लावायचा नाही. वीज गेली की आधी तो डबा बर्फवाल्याकडे जातो, मग आमचे मासे.

दर रविवारी, चर्च सुटलं की लीड्सहून फोन येतो. टोपी अतिम आजीच्या पेटीत पडून आहे, आणि इन्यांगनं तिकडे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आपल्याला मान मिळाला. फोटो दाखवायचा राहिलाय.

"बाळा," ती विचारते, "संपलं का गं?"

परवा मी समोरच होतो. अरितच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात मटणाचं हाड. तिनं हाड सावकाश चोखलं, बोटं चाटली.

"अजून थोडं उरलंय, मावशी," ती म्हणाली. "मी चावतेय."